खाडाखोड नसलेली वही

दि. ९ मार्च

चि. माऊस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

आज सकाळपासून कानात एक आवाज येऊन बसलाय. साठ वर्षांपूर्वीचा. आम्ही सहावीत होतो. गॅदरिंगला एका मुलीने कविता म्हटली होती. स्वच्छ, किंचित घोगरा आवाज. ‘पाणी म्हणाले काठाला, थांब जरासे, येते मी.’ त्या शेवटच्या शब्दापाशी ती एक श्वास थांबायची, जसं काही पाणी खरंच वळून बघतंय. ही गोष्ट तुला मी शंभरदा सांगितली असेल. तू लहानपणी विचारायचीस, “अण्णा, मग त्या मुलीचं काय झालं?” मी म्हणायचो, “मग टाळ्या झाल्या.” मला तेवढंच आठवतं. टाळ्या झाल्या.

असो. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो तर तू असतानाही कुरकुरायचा. कान अजून तसेच, समोरचं ऐकू येतं, फोनवरचं नाही. म्हणून ही पत्रं. ऐकण्याच्या खोलीत बहिरा माणूस बसवून गेलीस, ही तुझी थट्टा मी अजून लोकांना सांगतो.

खोली छान चालली आहे. खालच्या लाँड्रीवाल्याने नवं मशीन घेतलं, त्यामुळे आता जमीन फार थरथरत नाही. त्याच्या भट्टीकडची भिंत मात्र अजून उबदार असते आणि तिथल्या खुर्चीवरून येणाऱ्यांची भांडणं होतात. मनाने खचलेली माणसं उबेवरून भांडतात तेव्हा मला बरं वाटतं. भांडताहेत म्हणजे अजून जीव आहे. दारावरची पाटीही तशीच आहे. ‘इथे माणूस ऐकला जातो. रंग, वंश, भाषा पाहिली जात नाही.’ वाक्य तुझं, अक्षर माझं. परवाच एक गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, ‘वंश’ काय सुंदर काढलाय.”

तू विचारलंस, तुझी मैत्रीण फोन का उचलत नाही. अगं, ती दमली होती. वर्षभर दुसऱ्यांची दुःखं ऐकायची म्हणजे खायचं काम नाही. तिने काम सोडलं, कमिटीनेही फार ताणलं नाही. थोडी विश्रांती घेऊ दे तिला.

आपल्याकडे मन मोकळं करणाऱ्या त्या सुताराचं तुला कळलंच आहे म्हणतेस. वाईट झालं. त्याबद्दल मला लिहवत नाही.

तुझ्या संस्थेत मैत्रिणीच्या प्रवेशाचं अठ्ठावीस तारखेला ठरणार, म्हणून सुतार आला त्या दिवसाच्या नोंदवहीच्या पानाची नक्कल पाठवा, असं तू लिहिलंस. एवढी घाई कशाला? तुझा अभ्यास आधी. मनाच्या आजारांची परिचारिका होणार तू, आमच्या घराण्यात पहिली. दोन वेळा नीट जेवत जा, केस ओले ठेवून झोपू नकोस.

आवाज अजून थांबलेला नाही. रेडिओ लावून पाहतो.

तुझाच,
अण्णा


दि. २४ मार्च

चि. माऊ,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र तरी कसं म्हणू? ना ‘ती. अण्णांस’, ना ‘सा. न.’ नुसती एक ओळ. ‘फेब्रुवारीच्या तिसऱ्या मंगळवारी ती सुताराला भेटली होती का, हो की नाही.’ वर्गात मी असे प्रश्न विचारायचो. मुलं खिडकीबाहेर बघायची.

सांगतो. पण पहिल्यापासून सांगू दे, मधूनच ओढून काढलं तर मी दुष्ट दिसेन.

तू गेलीस त्याच महिन्यात केशकर्तनालयातली बाई आली. रडून रडून डोळ्यांच्या चिरा झालेल्या. उबदार खुर्चीत बसली, आणि समोर तुझी मैत्रीण आलेली बघून उठलीच. मला बाजूला घेऊन म्हणाली, “गुरुजी, ती काळी नको. दुसरं कुणी नाही का? मला तिच्या हातांची भीती वाटते.” आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? पाटीकडे बोट दाखवायला हवं होतं, मला माहीत आहे. पण त्या बाईचं मन सोललेलं होतं. त्यावर त्याच दिवशी मीठ चोळायचं? म्हटलं, हिला आधी बरी होऊ दे, मग शहाणी करू. आणि तिला मी ऐकायला बसणाऱ्या दुसऱ्या, शिवणवाल्या बाईंकडे पाठवलं. त्या गोऱ्या आहेत, हसतमुख आहेत, फारसं काही बोलत नाहीत.

मग बसचा निवृत्त कंडक्टर आला. तोही तसंच म्हणाला, जरा सभ्य शब्दांत. “आपल्यातलं कुणी असेल तर मोकळं बोलता येतं हो.” मग आणखी एक. पुढे पुढे मला कुणी काही सांगावंच लागेना. जिन्यावरच्या पावलांवरून मी ओळखायला लागलो आणि आधीच वाट वळवून द्यायला लागलो. शाळेत पावसाळ्यात मुलांच्या चपला ओळीने लावून घ्यायचो ना मी, तसं. कुणाला काही दुखायला नको.

दोन महिन्यांत तिच्यासमोरची खुर्ची रिकामी झाली. ती रोज येऊन ती खुर्ची पुसायची. मला ते बघवेना, म्हणून मी फोनची युक्ती काढली. मागच्या अडगळीच्या खोलीत, लाँड्रीच्या चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी, फोन बसवला. तिला म्हटलं, “फोनवर कोण कुणाला दिसतं? नुसता आवाज.” ती माझ्याकडे बघून हसली. “म्हणजे गुरुजी, मी कपाटात?” मीही हसलो. तुला ठाऊक आहे ती कशी हसते ते. हसण्यासारखंच वाटलं मला.

आणि माऊ, फोनने कमाल केली. तिचं बोलणं मीच घासून घेतलेलं, माझ्या जुन्या क्रमिक पुस्तकांवर. परक्या देशाचा एक कण उरला नव्हता तिच्या उच्चारांत. रोज जिना चढून आली की ती म्हणायची, “पाणी म्हणाले काठाला,” आणि मी खाली वहीत बघत म्हणायचो, “थांब जरासे, येते मी.” मग कामाला सुरुवात. लोक तिला फोनताई म्हणायला लागले. “फोनताई कोणत्या गावच्या हो?” विचारायचे. मी म्हणायचो, “इथल्याच.” खोटं आहे का ते? इथे नऊ वर्षं राहते ती.

सुतार दर मंगळवारी चार वाजता फोन करायचा. त्याने बांधलेल्या बांधकामाच्या परांचीवरून त्याचा सख्खा भाऊ पडून गेला होता, आणि त्याला दिवसातून वीसदा फळी मोडल्याचा आवाज यायचा. तो आवाज आला की ती त्याच्याकडून हत्यारांची नावं क्रमाने म्हणवून घ्यायची. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, आणि शेवटी काहीतरी एक. मला चादरींच्या आडून तिचं बोलणं ऐकू यायचं. “सावकाश. गुण्यानंतर काय?” असं वर्षभर. तो सुतार त्या आवाजाला धरून उभा होता.

राहता राहिला तुझा प्रश्न. वहीत लिहिलं आहे की तो त्या मंगळवारी साडेतीन वाजता आला आणि फोनताईंना भेटला. माझी वही तू जाणतेस. चाळीस वर्षं हजेरीपट लिहिले, एकाही पानावर खाडाखोड सापडायची नाही. इन्स्पेक्टर वर्गात वही फिरवून दाखवायचे. वहीत आहे ते आहे, माऊ. मी आणखी काय सांगू?

थकलो. नक्कल सोबत जोडली आहे.

अण्णा


दि. ३० मार्च

माऊ,

तुझी चिठ्ठी काल आली. तिचा प्रवेश नाकारला. कारण, ‘एका रुग्णाच्या मृत्यूपूर्वीच्या भेटीत निष्काळजीपणा.’ कमिटीचं ते पत्र कुणाच्या अक्षरात होतं हे तू ओळखलंस, त्याबद्दल तू एक शब्दही लिहिला नाहीस. लिहायला हवा होतास. शिव्या द्यायला हव्या होत्यास.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही.

ती त्याला भेटली नाही. तो आला होता हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नाही. सांगायला मीच होतो तिथे.

त्या दिवशी तो न कळवता आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाला, “ज्या बाईंनी मला जगवलं त्यांना एकदा बघायचंय.” फडकं सोडून दाखवलं. फोन ठेवायला केलेली लाकडी घडवंची होती, कडांना इतकी गुळगुळीत की बोट ठेवलं तर घसरावं. आत ती दुसऱ्या कुणाशी फोनवर बोलत होती. मी वहीत त्याची ओळ लिहायला घेतली. माझी सवय तुला माहीत आहे. माणूस आला की मी पूर्ण ओळ एकदम लिहून टाकतो, नाव, वेळ, कुणाला भेटले, सगळं. मधे थांबलं की शाईचा रंग बदलतो आणि ओळ विटते. लिहिलं, ‘फोनताईंना भेटले.’ शाई ओली असतानाच तो भिंतीवरच्या चित्राकडे बघून म्हणाला. आठवतं ना ते, वेगवेगळ्या रंगांच्या हातांचं, तू लावलेलं? म्हणाला, “गुरुजी, इथे ह्यांच्यातलं कुणी नाही ना? त्या दिवशी परांचीखाली फळ्या देणारा त्यांच्यातलाच होता. मला चालायचं नाही. ह्या बाई आपल्यातल्या, म्हणून मी बोलतो.”

मी म्हणालो, “नाही, नाही. छे.”

एवढं सहज निघालं तोंडातून. मग मागे फिरता येईना. मी शिवणवाल्या बाईंकडे गेलो आणि म्हटलं, “पाच मिनिटं फोनताई व्हा. त्याचं समाधान होईल. माणूस जगला पाहिजे, बाकी नंतर बघू.” त्यांच्या हातातली सुई तशीच राहिली. म्हणाल्या, “गुरुजी, हे बरं नाही दिसत.” मी म्हटलं, “दिसण्याचाच तर प्रश्न आहे.” मला त्या वेळी ते वाक्य फार हुशारीचं वाटलं.

बाई त्याला घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या. मी दार लावून घेतलं.

चार मिनिटांनी तो बाहेर आला. अजिबात चिडलेला नव्हता. चिडला असता तर मी त्याला थांबवलं असतं. म्हणाला, “ही ती नाही.” मी म्हटलं, “अहो, समोरासमोर आवाज वेगळा लागतो.” तो म्हणाला, “मी विचारलं, गुण्यानंतर काय. तिला येईना.” मग जरा वेळ भिंतीला हात लावून उभा राहिला, त्या उबदार भिंतीला. “म्हणजे तुम्ही कुणालाही बसवता होय फोनवर. लिहिलेलं वाचून दाखवायला. आणि मी वेडा, बाई आहे समजत होतो.” घडवंची टेबलावर ठेवली आणि जिना उतरला. मोजून बारा पायऱ्या. मी ऐकल्या.

आत दहा पावलांवर ती होती. एक हाक मारली असती तर ती बाहेर आली असती, त्याने तिला पाहिलं असतं, कदाचित थुंकून गेला असता. पण “गुण्यानंतर काय” हे तिने सांगितलं असतं. मग त्याला दोन गोष्टी कळल्या असत्या, ती काळी आहे आणि ती खरी आहे. मी त्याला एकही कळू दिली नाही.

चार वाजता फोन वाजला नाही. ती सहापर्यंत फोनसमोर बसून राहिली. निघताना म्हणाली, “गुरुजी, आज सुतार विसरले वाटतं. बरं लक्षण आहे, नाही का? माणूस बरा झाला की विसरतो.” मी म्हणालो, “हो ना.” घडवंची मी तोवर कपाटात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बहिणीने कारखान्याचं दार उघडलं. पुढचं तुला माहीत आहे.

कमिटी बसली. आपले अध्यक्ष, औषधाच्या दुकानाचे, वही पुढ्यात घेऊन. तिला विचारलं, “काय बोललात त्याच्याशी?” ती म्हणाली, “ते आले होते? कधी?” अध्यक्ष हसले. “वहीत आहे की.” ती म्हणाली, “वहीत असेल, पण मी त्यांना भेटले नाही.” मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिनेही. तिच्या नजरेत शंका नव्हती, माऊ. मी आता सांगणार, काहीतरी घोटाळा झालाय म्हणणार, अशी ती बसली होती. वर्गात हुशार मूल बसतं तशी, मास्तर आपलं उत्तर बरोबर म्हणणार याची खात्री असलेली.

मी म्हणालो, “वहीत आहे ते आहे.”

ओळ खोडायला लागली असती ना. इतक्या वर्षांची वही. आणि खोडली असती तर विचारलं असतं, मग भेटलं कोण, आणि का.

शिवणवाल्या बाई मांडीवरचं कापड घड्या घालत बसल्या होत्या. ती गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, “ह्या लोकांना मनबिन काही कळत नाही. आपणच उगाच डोक्यावर बसवलं. वर तोंडावर खोटं बोलते बघा.” आणि मला म्हणाले, “गुरुजी, पत्र तुम्हीच लिहा, तुमच्या अक्षराला वजन आहे.” दारावरच्या पाटीखालून सगळे चहाला गेले. मी बसून लिहिलं. एका बैठकीत, एकही चूक नाही.

त्यानंतरचं मी बाईंकडून ऐकलं. ज्या वृद्धाश्रमात ती दिवसा कामाला जायची तिथे म्हाताऱ्यांच्या मुलांनी सांगितलं, उद्यापासून नको. तिच्या दारावर कुणीतरी डांबराने ‘माणूसमारी’ लिहिलं. तिने ते घासलं, गेलं नाही, म्हणून त्यावर घरच्या जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवला. आता घरातून निघत नाही. स्वतःशी बोलते म्हणतात, सुताराशी बोलल्यासारखी. आपल्या खोलीवर ती एकदा आली होती, ऐकून घ्या म्हणून. मी जिन्यातच सांगितलं, “आज जागा नाही.” उबदार खुर्ची रिकामी होती.

गेल्या आठवड्यात बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, मला शिवताना टाका दिसत नाही. आपण दोघं जाऊन सांगू या का?” मी म्हटलं, “अठ्ठावीस होऊन जाऊ दे.”

अठ्ठावीस होऊन गेली.

आता ती कविता. तुला जी गोष्ट सांगायचो ती अर्धी होती. त्या मुलीला आम्ही दौत म्हणायचो. रंगावरून. पाहुणे यायचे होते, म्हणून मास्तरांनी हेडमास्तरांच्या गोऱ्या भाचीला व्यासपीठावर उभं केलं आणि दौतीला पडद्यामागे. भाची ओठ हलवत होती, आवाज दौतीचा. पडद्याची दोरी माझ्या हातात होती. टाळ्या झाल्यावर ती पुढे यायला निघाली, पडद्याला तिचा हात आतून उमटलेला मला दिसला, पाची बोटं. मास्तर कुजबुजले, “धरून ठेव.” मी दोरी धरून ठेवली. तिने दुसऱ्यांदा हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही, आणि हजेरी घेताना मास्तर तिच्या नावापाशी जरासे थांबायचे. तो थांबा मला फार आवडायचा. मला ती कविता वाटायची. अख्खा जन्म त्या आवाजाची आठवण काढत बसलो आणि दोरीची कधी काढली नाही.

आज वही घरी आणली आहे. त्या ओळीवर आडवी रेघ मारायला पेन उघडलं. माऊ, तुला खरं सांगतो, आता लपवून काय करू? माझा हात थांबला तो भीतीने नाही. ते पान इतकं सुंदर उतरलंय. मी ते पान बघत बसलो.

दार वाजलं.

दूधवाला असेल म्हणून मी उठलो नाही. पुन्हा वाजलं. मग दारामागून बोलणं आलं. “गुरुजी, मी आहे. तुम्हाला त्रास देत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पंधरा दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो म्हणे. माझ्या अक्षराला कोण विचारतंय? तुम्ही लिहून दिलंत तर मानतील. तुमच्या हातचं लोकांना खरं वाटतं. मला तुमच्याशिवाय कुणी नाही गुरुजी इथे.”

मी अजून लिहितोच आहे, बघ. ती उभी आहे आणि मी ओळ पूर्ण करतो आहे.

तिला वाटलं असेल, बहिरा आहे, ऐकू गेलं नसेल. म्हणून आता ती जरा मोठ्याने म्हणते आहे, जिना चढून आल्यावर म्हणायची तसं. “पाणी म्हणाले काठाला,” आणि थांबली आहे.

पुढची ओळ माझी आहे.

वही टेबलावर उघडी आहे, हे पत्रही. दार उघडायला उठतो आहे, झाकत नाही. तिला वाचता येतं, मीच शिकवलंय.

दोरी धरलेला,
अण्णा